मिक्सर चालतंय का?

जुना मिक्सर आहे मी, मित्रांनो, आणि जळालेला. सध्या गोरेगावात सोजराबाईंच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर बसलेला असतो. माझं पांढरं अंग पिवळट पडलं आहे, बटणाजवळचा तीनचा आकडा बोटांनी पुसून गेला आहे, आणि पोटातून अजून थोडा जळका वास येतो. शेजारच्या जनकाबाई आल्या की माझ्याकडे बघून हसतात. "अमेरिका रिटर्न मिक्सर हाय बाई हे, हात लावायचा तर इचारून लावावं," असं म्हणतात. खोटं नाही ते. मी खरोखरच अमेरिकेला जाऊन आलो आहे. लोकांना वाटतं, विमानात बसून आलं की मोठेपणा येतो. मी तर नुसता दमून आलो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. कुणाच्या तरी हातांनी माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, एवढंच आठवतं. मग खोकं, मग ट्रक, मग हिंगोलीतल्या एका दुकानाची काच. तिथून जळबांनी मला उचललं. जळबा गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचे. त्यांची बायको सोजराबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. रोज दीडशे लेकरांचा मसाला पाट्यावर वाटून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. त्या खांद्यासाठी मी त्या घरात आलो. त्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी आकांक्षा दहावीला होती.

पहिल्या दिवशी सोजराबाई मला घाबरली. हातभर लांब उभी राहून तिने लाटण्याने माझं बटण फिरवायचा प्रयत्न केला. आकांक्षा हसून लोळायची बाकी राहिली. आठवड्याभरात मात्र बाईंची आणि माझी अशी गट्टी जमली, की डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ती सांगायची, मिरची अजून जाडी आहे की झाली. शाळेत खिचडीची तारीफ झाली, की घरी येऊन ओल्या फडक्याने मला पुसायची. मित्रांनो, यंत्राला आणखी काय लागतं?

आता आमच्या गावच्या लाईटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. गोरेगावात लाईट असते, नसते, आणि डीम असते. डीम असली की बल्ब पिवळा पडतो, पंख्याची पाती मोजता येतात, आणि मी नुसता घुर्र करून रडतो. पण आमच्या घरात दोन फेज होते. स्वयंपाकघराच्या बोर्डावर एक, पुढच्या खोलीत दुसरा. एक डीम असला तर बहुतेक वेळा दुसरा फुल असायचा. मी रडायला लागलो, की सोजराबाई मला काखेत मारून पुढच्या खोलीत न्यायची. तिथंही तेच असलं तर पदराने वारा घेत बसून राहायची. "येईल फुल. जाती कुठं?" असं म्हणायची. आणि खरंच, तासा-दोन तासांनी लाईट फुल यायची आणि मी एका दमात सगळं वाटून द्यायचो.

माझ्या बुडाशी एक लाल बटण होतं. फार ताण आला, की ते टप्पकन खाली यायचं आणि मी बंद पडायचो. माझा जीव वाचावा म्हणून कारखान्याने ते दिलं होतं. पण डीम लाईटीत ते दिवसातून दहा वेळा पडायला लागलं, म्हणून सोजराबाईने मला बाजारातल्या पुनमचंदच्या दुकानात नेलं. पुनमचंद पंखे, मोटारी, मिक्सर, सगळ्यांचा डॉक्टर. त्याने आतल्या दोन तारा एकमेकींना जोडून दिल्या. "आता बटन पडायची तकलीफच न्हाई मावशी," तो म्हणाला. सगळ्या गावाचे मिक्सर तो असेच करून द्यायचा. त्या दिवसापासून मला थांबणं माहीत राहिलं नाही.

आकांक्षा नांदेडला शिकली. मग कनेरगाव नाक्याजवळच्या धम्मानंदशी तिचं लग्न झालं. तो कॉम्प्युटरचं काम करायचा. वर्षभरात दोघांचं अमेरिकेला जायचं ठरलं, ओहायो नावाच्या राज्यात. घरात बॅगा आल्या. एका बॅगेत तेवीस किलोच चालतं असं कळल्यावर जळबांनी त्या बॅगा बाजारातल्या आडतीवर नेल्या, आणि ज्या काट्यावर सोयाबीनची पोती चढतात त्या काट्यावर ठेवून मोजून आणल्या. आणि त्या मोजलेल्या बॅगेतून तिचे स्वेटर काढून सोजराबाईने मला आत बसवलं.

"मामी, तिथं मिक्सर मिळतात की," धम्मानंद म्हणाला.

"मिळत आसतील, जावईबापू. पर ह्याचं वाटलेलं तिच्या तोंडाला म्हाईत हाय."

नवा नाही, आपलाच वापरातला दिला तिने. माझी तीन भांडी. मोठ्यात काळा मसाला भरला, मधल्यात तिखट. चटणीच्या छोट्या भांड्यात जवसाची चटणी दाबून भरली, आणि झाकण उडू नये म्हणून जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी फाडून वरून गाठ मारली. तिची गाठ मी ओळखतो. दोनदा फिरवून टोक आत खोचते ती. खिचडीच्या सामानाची पोती बांधायची सवय.

तिथं पोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की माझी पिन तिथल्या भिंतीत जात नाही. धम्मानंदने बाजारातून एक प्लास्टिकचं टोपण आणून माझ्या पिनेला बसवलं. बटण फिरवलं. मी घुर्र करून रडलो. मला वाटलं, अरे, इथंही डीम! पण धम्मानंदने सांगितलं, की त्या देशात लाईटच निम्म्या जोराची असते, सगळीकडे, कायम. तिथली यंत्रं तिच्यावरच चालायला बनवलेली असतात. मी नव्हतो. मग त्याने एक काळा लोखंडी डबा आणला, शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरएवढा. भिंतीतून लाईट त्या डब्यात जायची, तो तिचा जोर वाढवायचा, आणि मग ती माझ्याकडे यायची. त्याच्या मदतीने मी पहिल्यासारखा चाललो. आकांक्षाने टाळ्या वाजवल्या आणि लगेच फोन लावला.

"आई, आयक," म्हणाली, आणि फोन माझ्या तोंडाशी धरला. पलीकडे गोरेगावात सोजराबाई माझा आवाज ऐकत राहिली. "व्हय, बराबर हाय," म्हणाली.

पण मित्रांनो, तो डबा उचलायला दोन हात लागायचे. ओट्यावर ठेवला तर पोळ्या लाटायला जागा राहायची नाही, आणि चालू असला की घरभर गुणगुणायचा. आकांक्षाला एका औषधांच्या गोदामात काम लागलं. सकाळी अंधारात जायची, संध्याकाळी अंधारात यायची. आधी मी रोज निघायचो, मग रविवारी, मग सणाला. ओट्यावर दुधात केळं फिरवायचं एक काचेचं यंत्र आलं. मी आणि तो काळा डबा पुढच्या खोलीतल्या कपाटात गेलो, कोटांच्या खाली. माझ्या शेजारी चटणीचं ते भांडं होतं, गाठीसकट. बाकीची दोन भांडी तिने कधीच रिकामी केली होती. ह्याला मात्र तिने हात लावला नाही.

दर रविवारी गोरेगावातून फोन यायचा. सोजराबाईचा प्रश्न ठरलेला.

"मिक्सर चालतंय का?"

तिला माझी काळजी होती असं समजू नका. मी चालतो म्हणजे घरात मसाला वाटला जातो, मसाला वाटला जातो म्हणजे भाजी होते, भाजी होते म्हणजे लेक दोन घास बसून खाते. एवढं सगळं तोंडाने विचारता येत नव्हतं म्हणून ती मला विचारायची.

"व्हय आई, रोज चालतंय," आकांक्षा सांगायची. मी कपाटात अंधारात बसून ते ऐकायचो. मग फोन ठेवल्यावर पावाचं पाकीट उघडल्याचा आवाज यायचा. कधी कधी तोही यायचा नाही. मला राग आला असेल असं वाटतं तुम्हाला? नाही आला. पोरगी थकली होती. थकलेल्याच्या तोंडातून लहान उत्तर निघतं, आणि 'रोज चालतंय' हे सगळ्यात लहान उत्तर होतं.

अशी दोन वर्षं गेली. मग आकांक्षाला दिवस गेले आणि सोजराबाईने ठरवलं, की बाळंतपण मीच करणार. जळबांना जीप सोडून निघता येईना. तेव्हा सेनगावपलीकडचं गाव एकटीने न बघितलेली ही बाई एकटी विमानात बसली. बॅगेत खारीक, खोबरं, डिंक, मेथ्या. खारकांच्या बिया काढून, गच्चीवर वाळवून, पिशवीत बांधून आणल्या होत्या. बाळंतिणीच्या लाडवांसाठी.

ती यायच्या आदल्या दिवशी आकांक्षाने मला कपाटातून काढलं. पुसलं, आणि ओट्यावर अगदी समोर ठेवलं, रोज वापरात असल्यासारखं. डबा तिने काढला नाही. आई विचारेल हा कशाला, मग सांगावं लागेल तो किती जड आहे, मग सगळंच उलगडेल. "उद्या सांगू," धम्मानंदला म्हणाली. दारातून आत आल्यावर सोजराबाईने आधी लेकीला जवळ घेतलं, आणि मग माझ्यावरून हात फिरवला. म्हणाली, "बघ, नीट ठुलं हाय पोरीनं."

ते उद्या आलंच नाही. तिसऱ्या दिवशीच आकांक्षाच्या पोटात दुखायला लागलं, तीन आठवडे आधी. धावपळीत दोघं दवाखान्यात गेली. सोजराबाई घरी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मानंदचा फोन आला, "मामी, मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. उद्या दुपारपस्तोर घरी येतो."

सोजराबाई एकटीच हसली, एकटीच रडली. मग पदर खोचला. लेक उद्या यायची म्हणजे लाडू आज व्हायला हवेत. तिथं तिला दुसरं कुठलं काम येत होतं? ना दुकान माहीत, ना भाषा, ना रस्ता. एवढं एकच काम होतं, आणि त्यासाठी तर ती सगळा समुद्र ओलांडून आली होती.

तिने खारका मोठ्या भांड्यात घातल्या, टोपणासकट माझी पिन भिंतीत खुपसली, बटण तीनवर नेलं. मी घुर्र करून रडलो.

"ह्या बया. हितंबी डीम?" ती म्हणाली.

मी ओरडून सांगणार होतो, बाई, डबा! कपाटात डबा आहे! पण मला एकच आवाज येतो. तिने वर बघितलं. बल्ब लख्ख जळत होता. तिला नवल वाटलं, पण मग तिला आपलं घर आठवलं. बल्ब एका फेजवर असेल आणि हा बोर्ड दुसऱ्यावर. तिने मला काखेत घेतलं आणि फुल फेज शोधत निघाली. पुढच्या खोलीत लावून बघितलं. मग निजायच्या खोलीत, पाळण्याच्या शेजारी. मग न्हाणीघरात, आरशाजवळच्या बोर्डावर. त्या घरात होत्या तेवढ्या सगळ्या भिंतींत तिने मला लावलं. सगळीकडे मी तसाच रडलो. शेवटी परत ओट्यावर ठेवून, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"येईल फुल," म्हणाली. "जाती कुठं?"

मित्रांनो, त्या दुपारी ती बाई अडीच तास लाईट फुल यायची वाट बघत बसली होती. मधून मधून उठायची, बटण फिरवायची, माझा आवाज ऐकायची, परत बसायची. मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. तिचं काहीच चुकत नव्हतं. तिला जे येत होतं ते ती अगदी बरोबर करत होती.

तीन वाजून गेल्यावर तिचा धीर सुटला. प्रवासात खारका वाफ धरून चिवट झाल्या होत्या. तिने झाकणावर दोन्ही हात दाबून धरले आणि मला चालूच ठेवलं. माझं पातं खारकेत रुतलं. फिरता येईना आणि थांबता येईना. लाल बटण असतं तर टप्पकन पडलं असतं. ते तर पुनमचंदने कधीच जोडून टाकलं होतं. पोटातली तार तापली, मग वास, मग धूर.

धूर छताला लागला आणि घरात असा भोंगा वाजायला लागला, की सोजराबाईने कानांवर हात ठेवले. पिन तिने ओढून काढली, तेवढं तिला सुचलं. पण भोंगा थांबेना. शेजारची माणसं बाहेर आली. थोड्या वेळात लाल गाडी आली आणि दारात टोप्या घातलेली तीन उंच माणसं उभी राहिली. काहीतरी विचारायला लागली. सोजराबाईच्या हाताला खारीक चिकटलेली होती. तिने ते हात तसेच जोडले आणि म्हणाली, "जयभीम. माझ्याच्यानं झालं. पोरीला काई बोलू नका." ती माणसं चांगली होती. खिडक्या उघडल्या, भोंगा बंद केला, आणि एकाने तिला ग्लासात पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी आकांक्षा लेकराला घेऊन घरी आली. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा. दारातच जळका वास आला, आणि घरमालकाची चिठ्ठी हातात पडली. ओट्यावरचं माझं काळं तोंड बघून तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

सोजराबाईने हात पदराला पुसले. तिने लेकराला हातात घेतलं आणि आत गेली.

त्यानंतर तीन महिने ती त्या घरात राहिली, पण विचारल्याशिवाय तिने एका बटणाला हात लावला नाही. "हे लावू का?" "हे बंद करू का?" दिवा लावायचा तरी विचारायची. घरात कुणी नसलं तर संध्याकाळी अंधारात बसून राहायची, लेकराला मांडीवर घेऊन. आकांक्षाला दिसत होतं ते. दर वेळी तिच्या ओठांवर काहीतरी यायचं, तेवढ्यात लेकरू रडायचं, नाहीतर फोन वाजायचा. खारका शेवटी धम्मानंदने फडक्यात बांधून बाहेरच्या पायरीवर बर्फात बसून हातोडीने कुटल्या. लाडू झाले, खडबडीत. आकांक्षाने दोन खाल्ले.

मला धम्मानंदने परत कपाटात ठेवलं होतं. जायच्या आधी सोजराबाई मला न्यायला आली. "कचऱ्यात टाकू या आई, बंद पडलाय तो," असं आकांक्षा म्हणाली होती. "न्हाई. माझं मी नेते," एवढंच उत्तर तिला मिळालं. बाईंनी कोट बाजूला सारले. माझ्या शेजारी धूळ बसलेला काळा डबा दिसला. तो कशाचा हे धम्मानंदने तिला एव्हाना सांगितलं होतं. आणि मग तिला ते भांडं दिसलं. निळ्या लुगड्याची पट्टी, दोनदा फिरवून टोक आत खोचलेलं. तिने स्वतः मारलेली गाठ, तीन वर्षांपूर्वीची, तशीच.

ती खाली बसली. बोटाने गाठ चाचपली. 'रोज चालतंय' हे तीन वर्षं कसं चाललं होतं, ते तिला त्या कपाटात कळलं. तिने कुणाला हाक मारली नाही. भांडं माझ्यासोबत बॅगेत घातलं आणि चेन ओढली.

गोरेगावात आल्यावर ती मला पुनमचंदकडे घेऊन गेली. त्याने खोलून बघितलं. "मावशी, कॉईल भरता आली आसती, पर आर्मेचर बी गेलंय आन् बेअरिंग बी. ह्याचं सामान आता येत न्हाई. काहून जीव लावता? नवं घ्या." ते लाल बटण कुणी जोडलं होतं, हे त्याला आठवलं नाही. मीही सांगितलं नाही. बाईंनी मला घरी आणलं आणि फळीवर ठेवलं. ते भांडंही, गाठीसकट.

आता रविवारचा फोन उलटा झाला. आकांक्षा विचारायची, "आई, मिक्सर दुरुस्त झालं का? चालतंय का?"

"व्हय, झालं. रोज चालतंय," सोजराबाई सांगायची. जळबा मान वर करून तिच्याकडे बघायचे आणि परत पेपरात तोंड घालायचे. पोरीला उगाच लागून राहायला नको, असं तिला वाटत असणार. मी फळीवर बसून ऐकायचो. मित्रांनो, एकाच खोट्याच्या दोन्ही टोकांना मी बसून आलो आहे, आणि खरं सांगतो, फार दमायला होतं.

मागच्या पंधरवड्यातली गोष्ट. रविवार, सकाळचे आठ. फोन आला. पडद्यावर आकांक्षा होती, खांद्यावर लेकरू.

"कशी हायस? जेवलीस का?"

"मजेत आहे आई. जेवले. भाजी-भाकर केली आज. तुझं मिक्सर?"

"रोज चालतंय," सोजराबाई म्हणाली, आणि एकदम थांबली. पोरीचं 'मजेत आहे' आणि स्वतःचं 'रोज चालतंय' तिने लागोपाठ ऐकलं. माझ्या आवाजावरून मिरची जाडी की बारीक हे ओळखणारी बाई ती. दोन्हींचा आवाज एकच होता.

ती उठली. फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. मला फळीवरून खाली घेतलं, पिन बोर्डात लावली, आणि वरच्या बल्बकडे बोट केलं.

"लाईट हाय. फुल हाय. दिसून राहिली का?"

"दिसतेय. काय झालं आई?"

सोजराबाईने माझं बटण फिरवलं. एकवर, दोनवर, तीनवर. मी रडलोसुद्धा नाही. बाहेरून जाणाऱ्या जीपचा हॉर्न तेवढा आला.

"आयकलंस? न्हाई चालत. जळालंय ते. मी खोटं बोलून राहिले होते तुला." मग तिने फळीवरून ते भांडं काढलं आणि पडद्यासमोर धरलं. "आता तू सांग. तुझं काय चालतं आन् काय न्हाई चालत, खरं सांग मला. मी आडाणी आसंल, पर फुल आन् डीम मला कळतं."

आकांक्षाने लेकराला खांद्यावरून खाली ठेवलं. मग तिचा चेहरा फिरला आणि ती लहानपणी रडायची तशी रडली. लेकराला सकाळी परक्या बाईकडे सोडताना जीव तुटतो, म्हणाली. गोदामात उभं राहून पाय सुजतात. धम्मानंद समजून घेतात, पण त्यांनाही वेळ नाही. स्वयंपाक आठवड्यातून दोनदा होतो. आज केली नव्हती भाजी-भाकर. आणि म्हणाली, "आई, मी तुला कोणी सांगितलं हात लावायला असं म्हणाले ना, ते मला रोज आठवतं. मी डब्याचं सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं. चुकी माझी होती."

सोजराबाई ऐकत राहिली. "ते जाऊ दे," म्हणाली. मग भांड्यावरची गाठ दाखवून विचारलं, "येवढं एकच सांग. चटणी काहून खाल्ली न्हाईस? आवडत होती की तुला."

"गाठ सोडली असती तर संपली असती ना गं, आई."

जळबा उठून अंगणात गेले आणि जीपची काच पुसायला लागले, जी त्यांनी सकाळीच पुसली होती.

फोन ठेवल्यावर सोजराबाईने ती गाठ सोडली. आत चटणी काळी पडून खवट झाली होती. तिने ती परसात टाकली, भांडं राखेने घासलं आणि उन्हात उपडं घातलं. निळी पट्टी धुऊन दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी जनकाबाईंच्या मिक्सरवर जवस, तीळ, शेंगदाणे वाटून त्याच भांड्यात नवी चटणी भरली. धम्मानंदच्या गावचा एक पोरगा पुढच्या महिन्यात ओहायोला चालला आहे, त्याच्याजवळ द्यायची आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातल्या यंत्राचं लाल बटण कुणाला जोडून टाकू देऊ नका. फार ताण आला की ज्याला त्याला थांबता आलं पाहिजे. आणि लांबच्या गावाहून, लांबच्या देशातून कुणी विचारलं, "चालतंय का?", तर जे असेल ते सांगा. विचारणारं माणूस लाईटीची वाट बघत बसलेलं असतं हो. त्याला डब्याचं आधी सांगून ठेवा.

मी आता चालणार नाही, ते मला कळलं आहे. तरी बाई मला अजून पुसते. चटणीच्या भांड्यावर तिने या वेळी गाठ मारली नाही, नुसतं झाकण लावलं आहे. वर कागद चिकटवला आहे आणि त्यावर शाळेतल्या पोरांसारख्या मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: लगेच खाय. संपली की सांग.